दादांची जन्मठेप

दादा, म्हणजे माझे वडील, जेलात गेले तेव्हा मी चौथीत होते. बोरीला आमचं आणि त्यांच्या चुलतभावाचं शेत एकमेकाला लागून. त्यांना मी काका म्हणायचे. पाळीच्या पाण्यावरून दोघांची बोलाचाली झाली आणि दादांनी हातातलं फावडं काकांच्या डोक्यात घातलं. मग स्वतःच पोलीस ठाण्यात जाऊन बसले. काका दवाखान्यात वारले. दादांना जन्मठेप लागली.

काही वर्षांनी त्यांना लांबच्या एका खुल्या जेलात पाठवलं. तिथं शेती होती. पत्रात ते फक्त पिकाचं लिहायचे, गहू ओंबीवर आला, मोसंबी धरली. आई प्रत्येक पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घ्यायची. ते सुटायच्या आधीच ती गेली.

सुटल्यावर मी त्यांना बोरीला आणलं. दुसऱ्या दिवशी ते पारावर जाऊन बसले. वाईट कुणीच बोललं नाही. एकेक जण उठून गेला. परतताना समोरच्या ओट्यावर काकू कापूस निवडत होत्या. दादांनी हात जोडले. काकूंनी मान वर केली नाही.

आठवडाही झाला नसेल, दादांनी पिशवी भरली.

"बाई, मला गाडीत बसवून दे."

"कुठं जायलाव दादा? घर हाय की तुमचं."

"इथं समदे मला वळखतेत. तिकडं मी नुस्ता माळी हाय."

जेलाशेजारच्या गावात एका मोसंबीच्या बागेत ते राहिले. मी दिवाळीला जायचे. एकदा मोसंबी सोलता सोलता त्यांनी विचारलं, "तुझ्या काकूची लेकरं काय करायलेत?"

"थोरला सेलूला कापसाच्या जिनिंगात लागलाय."

सोललेल्या फोडी त्यांनी माझ्या हातावर ठेवल्या.

मागच्या हिवाळ्यात बागमालकाचा फोन आला. बोरीला नेऊ नका, असं दादांनी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. मी तिथंच अग्नी दिला.

दहावा उरकून बोरीचं घर उघडलं, तर काकू आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दाराशीच बसल्या.

"लय हाल झाले का?"

"न्हाई काकू. झोपेतच गेले."

"ह्यांना चार दिस लागले," त्या म्हणाल्या. "पाणी मागायचे. डाक्टर देऊ देईना."

मी पाया पडायला वाकले. काकूंनी पाय मागं घेतले नाहीत, पण हातही ठेवला नाही.