मालनने उपसलेली विहीर

गिरणीचा संप लांबला आणि गुणाजी कायमचा घरी बसला, तेव्हा नाहूरच्या चाळीमागच्या, रेल्वे रुळांलगतच्या पडीक शेताकडे मालनने पहिल्यांदा नीट बघितलं. एकेकाळी तिथे भात पिकायचा. आता मालक भाऊ थकले होते, त्यांची मुलं नोकऱ्यांना लागली होती आणि अख्खी चाळ तिथे केर टाकत होती.

"हयसर काय पिकतला, डोंबल?" गुणाजी वैतागला.

"गवत बघा केवढा वाढलाहा! जमीन मेलेली नाय."

मालन कणकवलीकडची. लग्न होईपर्यंत शेणामातीतच वाढलेली. ती तडक भाऊंच्या दारात गेली. "भाऊ, कसू का तुमचं शेत? तुमच्या घरची भाजी मी पोचती करीन."

"अगं, विहीर कचऱ्याने बुजलीय. पाणी कुठनं आणशील?"

"विहीर मी उपसते. तुम्ही फक्त हो म्हणा."

भाऊ हो म्हणाले. शेजारची शकु मदतीला आली. दोघी आळीपाळीने आत उतरून, दोरीला घमेलं बांधून गाळ ओढू लागल्या. गुणाजी उंबऱ्यात बसून नुसता बघत राहायचा. एका सकाळी मालनच्या हाताची सालटी निघालेली त्याला दिसली. तो उठला, शर्ट खुंटीला अडकवला आणि म्हणाला, "तू वर ऱ्हव. मी उतारतंय."

फुटक्या बाटल्या, टायर, सडक्या फळ्या, काय काय निघालं त्या विहिरीतून! शेवटी खडकाच्या फटीतून झरा सुटला आणि गुणाजी आतून असा ओरडला की चाळ गोळा झाली.

पलीकडच्या तबेल्याचं शेण रोज नाल्यात वाहून जायचं, ते मालनने शेताकडे वळवलं. शकुने घराघरातून भाजीची देठं, फळांच्या साली जमवून खड्ड्यात कुजवायला घातल्या. गावाहून आणलेलं बी पेरलं. माठ, मुळा, वाल, पडवळ असं सगळं तरारून आलं.

पण मालन टोपली घेऊन स्टेशनरोडला बसली, तर कुणी हात लावीना. "रुळांकडची भाजी ना? गटाराच्या पाण्यावरची!" चाळीसमोरच्या सोसायटीतल्या वसुधाताई मोठ्याने म्हणाल्या, तशा बाकीच्या बायकाही मागे फिरल्या. कोमेजलेली टोपली घरी आणून मालन घळाघळा रडली. मग तोंड धुतलं आणि थेट वसुधाताईंची बेल वाजवली.

"ताई, रविवारी मळ्यात या. पाणी बघा, मग काय ते बोला. आणि येताना चार जणी घेऊन या."

वसुधाताई खरंच आल्या. "हे नाल्याचं नाही कशावरून?" त्यांनी सरळ विचारलं.

"वाकून बघा."

तळाशी खडकातून पाणी झुळझुळत होतं. मालनने कळशी ओढली, आधी स्वतः घटाघटा प्यायली. तिथेच चूल मांडली होती. माठाची भाजी, वालाचं बिरडं आणि तांदळाच्या गरम भाकऱ्या. बायका बांधावरच जेवायला बसल्या.

"मी न बघताच बोलले गं," वसुधाताई म्हणाल्या. "आता आमच्या बिल्डिंगला सांगायचं काम माझं."

त्यांनी शब्द पाळला. सोसायटीतूनही भाजी न्यायला बायका येऊ लागल्या आणि येताना सालींच्या बादल्या आणू लागल्या.

पुढच्या हिवाळ्यात ट्रकवाल्यांनी संप केला. भांडुपच्या मंडईत फळ्या रिकाम्या पडल्या. एक व्यापारी मळ्यात आला. "बाई, सगळा माल मला दे. मागशील तो भाव."

"ज्यांच्या सालींवर हे पिकलं, त्यांच्या ताटात आधी जाणार," मालन म्हणाली. "आणि भाव रोजचाच."

सकाळपासून मळ्याच्या वाटेवर रांग लागली. गुणाजीच्या आवाजाला गिरणीच्या गेटवरची धार आली होती. "ओ, रांगेत या! कुणी रिकामा जाणार नाय!" प्रत्येक घराला एक जुडी, मूठभर शेंगा. संप मिटेपर्यंत त्या आळीत एकाही घरात भाजीवाचून जेवण झालं नाही. भाऊ बांधावर खुर्ची टाकून बसले होते. कितीतरी वर्षांनी त्यांच्या शेतात माणसांचा गलबला होता.

"पोरं म्हणतात, जमीन बिल्डरला देऊन टाकू," ते मालनला म्हणाले. "मी आहे तोवर नाही. तो पलीकडचा तुकडा पण घे."

"एकटी नाही घेणार. शकु आणि आमच्या चाळीतली कुंदा बरोबर असतील."

"घ्या की!"

दुसऱ्या दिवशी तिघी कुदळी घेऊन पलीकडे उतरल्या. मागून गुणाजी धावत आला. "गे, माका सोडून खय चाललंस?"