हाणामारीच्या पिक्चरचा आवाज

आमच्या ह्यांना हाणामारीचे पिक्चर आवडत आणि मला ते डोळ्यांसमोर नको असत. लग्न ठरलं तेव्हा हे कुणी सांगितलं नाही. मुलगा बोटीवर आहे, इंजिनरूममध्ये आहे, सुपारीचं खांडही खात नाही, एवढंच कानावर आलं होतं. वर्षातला बराच काळ हे समुद्रावर असायचे. रत्नागिरीला घरी आले की बॅगेतून साबण निघायचे, चॉकलेटं निघायची, सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी बाम निघायचा, आणि अगदी तळाशी टॉवेलात गुंडाळलेल्या सीड्या.

सगळ्या सीड्यांची गोष्ट मेली एकच. कुठल्याशा डोंगरावर स्पर्धा भरते, देशोदेशीचे पैलवान येतात, एकमेकांना लाथा घालतात, आणि ज्याच्या भावाला मागच्या खेपेला मारलेलं असतं तो शेवटी जिंकतो. त्यातला एक पिक्चर तर ह्यांचा जीव की प्राण होता. देवळाच्या अंगणात मोठा फळा, त्यावर लढणाऱ्यांच्या नावाच्या लाकडी पाट्या टांगलेल्या. जो हरला त्याची पाटी एक म्हातारा काठीने खाली काढायचा. भाषा चिनी असावी. खाली इंग्रजी अक्षरंसुद्धा नव्हती, त्यामुळे कोण काय बोलतंय ते आमच्यापैकी कुणालाच कळत नसे.

म्हणून ह्यांनी त्याला आवाज दिला. पडवीत खुर्ची ओढून टीव्हीच्या बाजूला बसायचे आणि सगळ्यांचं बोलणं स्वतः बोलायचे, तेही आपल्या रत्नागिरीच्या बोलीत. स्पर्धेचा पंच तोंड उघडायचा आणि एसटी स्टँडवरच्या भोंग्यासारखा आवाज यायचा, "मंडणगडहून येणारे उंच पैलवान फलाटावर लागत आहेत. त्यांच्याशी लढतील खेडचे टकले. प्रवाशांनी पाकीट सांभाळावे." एक जाडा होता, तो चिपळूणचा. "अरे, मी पुरातून पोहून आलोय, तू मला कसली भीती घालतोस!" आणि मुख्य दुष्ट माणूस बोलायचा तो थेट आमच्या वरच्या अंगाच्या शेजाऱ्यासारखा. "हा गडगा माझ्या हद्दीत आहे! मोजणी आण, मोजणी!" आमच्या दोन्ही आवारांमधल्या त्या दगडी गडग्यावरून त्याने सासऱ्यांना आयुष्यभर छळलं होतं. एका गणपतीत तो स्वतः आमच्या पडवीत बसून पोट धरधरून हसला, मेल्याला कळलंसुद्धा नाही.

नायक शेवटच्या लढतीला निघतो तेव्हा दारात एक बाई उभी असते. ती ह्यांच्या मते त्याची बायको. तो काहीतरी गंभीर बोलतो, तीही बोलते, वाऱ्याने तिचे केस उडतात. तिथे हे आवाज खाली आणायचे आणि नायकाच्या तोंडून म्हणायचे, "बांगडे तळून ठेव गो. आलोच." मग बारीक आवाजात बायको, "लवकर या हो, निवतात." हे आमचंच बोलणं होतं. बाजारात जाताना, देवळात जाताना, बोटीसाठी मुंबईला निघताना, दर वेळी हे तेच म्हणायचे आणि मी तेच उत्तर द्यायची. बोटीवर निघालेल्या माणसाला कसले बांगडे! पण म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडायचे नाहीत.

मी चिडायची. एकदा कोलंबी सोलता सोलता म्हटलं, "कोण जिंकणार ते पहिल्या मिनिटाला कळतं. पुन्हा पुन्हा काय बघायचं त्यात?" हे म्हणाले, "कळतं म्हणूनच बघायचं. समोरच्याने हाडं मोडली तरी तो उठणार, हे मला ठाऊक असतं. बोटीवर काय ठाऊक असतं गो? वारा कधी फिरेल तेही नाही." मी म्हटलं, "बरं बरं, जरा ती लसूण सोला." त्यांनी लसूण सोलली, पण डोळे टीव्हीवरच.

बोटीची नोकरी सुटली, लेकीचं लग्न होऊन ती चिपळूणला गेली, आणि मग ह्यांचा आवाज बसला. आम्ही ज्येष्ठमध दिलं, हळदीचं दूध दिलं. जन्मभर एसीत आणि डिझेलच्या वासात राहिल्याचं हे फळ म्हणून सोडून दिलं. शेवटी लेक रागावून डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी घशात दुर्बीण घातली आणि मुंबईला पाठवलं. मुंबईच्या डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल, आवाज जाईल.

 घरी येईपर्यंत मला सारखं एकच वाटत होतं, अगो बाई, आता ह्या घरात बोलणार कोण? मी भांडते, ओरडते, पण बोलतं घर ठेवलं होतं ते ह्यांनी.

लेकीने मोबाइल समोर धरला. "बाबा, काहीतरी बोला. आपल्याकडे राहील." ह्यांनी घसा खाकरला, शर्टाची कॉलर नीट केली. डोळे भरले. घोगऱ्या आवाजात म्हणाले, "नको. असं मुद्दाम बोललेलं लावून बसाल आणि रडत बसाल दोघी." मोबाइल उलटा करून ठेवला. मी खूप बोलले त्यांना, हट्टी म्हटलं, निर्दय म्हटलं. पण हे काही ऐकेनात.

ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्यातही दाराबाहेर एक फळा होता. त्यावर आत जाणाऱ्यांची नावं लिहिलेली. एक नर्स येऊन मधूनच एखादं नाव पुसायची. नाव पुसलं म्हणजे माणूस बरा होऊन बाहेर आला की काय, हे विचारायचा मला धीर होईना. ह्यांना ढकलगाडीवरून नेत होते. दारापाशी त्यांनी मान वळवली आणि म्हणाले, "बांगडे तळून ठेव गो. आलोच." त्यांचं ते शेवटचं बोलणं. मला उत्तर द्यायचं होतं हो. तोंड उघडलं, पण हुंदक्याशिवाय काही आलं नाही, आणि दार लागलं.

हे परत आले, गळ्याला भोक घेऊन. बरेच दिवस नळीतून पेज. डॉक्टरांनी परवानगी दिली त्या दिवशी मी बांगडा तळला, काटान् काटा काढून मऊ भातात कालवून दिला. हे जेवले, हात धुतले आणि टीव्हीकडे बोट केलं. मी सीडी लावली. नुसते धपाधप आवाज. पंच चिनीत ओरडतोय, जाडा चिनीत ओरडतोय, आणि हे खुर्चीत गप्प. मला ते सहन होईना. दारातली बाई आली तेव्हा ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "बांगडे तळून ठेव गो. आलोच." आणि लगेच बारीक आवाजात, "लवकर या हो, निवतात." फार वाईट जमलं. ह्यांचे खांदे हलायला लागले, गळ्यातून नुसती हवा फसफस करत बाहेर आली. मी घाबरले. मग कळलं, हे हसतायत.

त्यानंतर आवाज मीच देऊ लागले. जो पिक्चर मला डोळ्यांसमोर नको होता तो तोंडपाठ झाला. पंच जरा मवाळ बोलला की हे खुर्चीच्या हातावर टकटक करायचे, म्हणजे पुन्हा म्हण. गडग्याचं वाक्य राहिलं तर हातवारे करून हैराण करायचे. दुपारची जेवणं झाली की आमची स्पर्धा सुरू व्हायची. ते दिवस मला सुखाचे वाटले, खरं सांगते. मग दुखणं उलटलं, छातीत उतरलं. नायकासारखं पुन्हा उठणं काही झालं नाही. हे गेले. सीडीला मी हात लावला नाही.

परवा लेक आली आणि म्हणाली, "आई, तो पिक्चर मोबाइलवर सापडलाय, हिंदीत आहे." तिने टीव्हीला जोडून लावला. आता सगळं कळत होतं. चिपळूणचा जाडा कुठल्याशा राजाचा सेनापती निघाला. दुष्ट माणसाला गडग्याशी काही देणंघेणं नव्हतं. आणि दारातली बाई बायको नव्हतीच, ती मेलेल्या भावाची विधवा! नायक तिला भारदस्त आवाजात सांगत होता की मी परत आलो नाही तर माझी वाट पाहू नका. मला असा संताप आला! म्हटलं, "बंद कर त्या मेल्याचा आवाज."

लेकीने आवाज बंद केला आणि पिक्चर पुन्हा पहिल्यापासून लावला. मी बोलत गेले. पंच बोलला, जाडा बोलला, शेजारी मोजणी आण म्हणून ओरडला. लेक हसत होती आणि डोळे पुसत होती. मग दार आलं, बाई आली, वाऱ्याने तिचे केस उडाले. नायकाचे ओठ हलले, आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. हे होते तेव्हा मी त्यांच्यासाठी म्हणत होते. आता कुणासाठी म्हणू, आणि कोण येणार आहे?

शेजारून लेक हळूच म्हणाली, "बांगडे तळून ठेव गो. आलोच." बापाचाच हेल, तसाच शेवटी किंचित वर गेलेला.

त्या दवाखान्याच्या दाराशी राहून गेलेलं मी टीव्हीकडे बघत म्हटलं, "लवकर या हो, निवतात."