मस्कतला निघालेले मिस्त्री

एप्रिलचा सोमवार, लातूरचं बसस्थानक. हजर: स्कूटरचे मिस्त्री, त्यांची अम्मी, शोरूमवाले अप्पा आणि मी.

नव्या जिल्ह्यात कचेऱ्या आल्या होत्या, पाणी तेवढं यायचं होतं. मग खुला बाजारही आला. पूर्वी नव्या स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावावा लागे, म्हणून लोक जुनीच दुरुस्त करत आणि मिस्त्रींचं दुकान चाले. आता अप्पांकडे नवी गाडी उभ्या उभ्या मिळू लागली आणि मिस्त्रींना मस्कतचा व्हिसा. प्रगती दोघांचीही झाली. अम्मी तेवढ्या एकट्या राहणार होत्या.

मिस्त्री गिऱ्हाइकाशी फारसं बोलत नसत. स्क्रू-ड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला, दुसरं कानाला लावून गाडीलाच म्हणत, "हां, बोल."

अप्पांनी मोठ्या मनाने हार घातला. "जावा, कमवा! देश लई सुधारायलाय." मिस्त्री बसमध्ये चढले, पण अप्पा निघाले तर त्यांची कोरी मोटरसायकल सुरू होईना. किका मारून मारून ते घामाघूम झाले.

"मिस्त्री, जरा बघा की!"

मिस्त्री बसमधून उतरले. वाकून कान लावला, हात पुढे केला आणि मागे घेतला.

"न्हाई अप्पा. बाहेरच्या मिस्त्रीनं हात लावला की वॉरंटी जाते. तुमच्याच दारावर लिहिलंय."

अम्मी मोठ्यानं हसल्या. बस सुटल्यावर मात्र तिथेच खाली बसल्या.

मिस्त्रींच्या बंद दुकानात माझी स्कूटर सुटी करून ठेवलेली आहे. अप्पांकडे जुन्या गाड्या घेत नाहीत. ती जोडून घ्यायचं काम बाकी आहे.