गारीगारचं तिकीट

सौद्यात मला हरवणारा एकच माणूस आजवर जन्माला आला, आणि तो माझा सख्खा मामा निघाला. डोक्यावर पाटी घेऊन भाजी विकत विकत मी शेणव्याच्या नाक्यावर थंड पेयांचं दुकान उभं केलं. माझा आवाज चढला की भलेभले व्यापारी भाव उतरवतात. मामापुढे मात्र माझी मात्रा चालत नाही.

मामा जन्मभर बसचा कंडक्टर. निवृत्तीला वर्षं लोटली, पण बस काही त्याच्यातून उतरली नाही. पंगतीत बसला तरी ‘पुढं सरका’ म्हणतो. देवळातली घंटा नेमकी दोनदा वाजवतो आणि पुजाऱ्याकडे असा बघतो, की आता देऊळ सुटायला हवं.

मे महिन्यात पाड्यावरची पोरं घेऊन तो करवंदांना डोंगरात जातो. मग माझ्याच ओट्यावर करवंदं कुस्करायची, गुळाच्या पाण्यात कालवायची, स्टीलच्या पेल्यांत ओतायची. प्रत्येक पेल्यात एक अख्खं करवंद आणि बांबूची काडी. पेले माझ्याच फ्रीजरमध्ये. ‘आत जागा हाय, सरका!’ म्हणत तो माझ्या बाटल्या बाहेर काढतो. गारीगार गोठलं की पोरांची रांग. शेवटी काडीला उरलेलं करवंद फोडण्याआधी ओळखायचं: आतून लाल म्हणजे कोंबडा, पांढरं म्हणजे कोंबडी.

पण आधी तिकीट. तिकीट म्हणजे तोडताना बोटांना चिकटलेला करवंदाचा चीक. पहिल्या वर्षी मी हात पुढे केला, तर म्हणाला, “हात सोच्छ हाय गो तुजा. विनातिकीट!”

“फ्रीजर माझा, वीज माझी!”

“डेपोचा मालक आला तरी तिकीट लागतं.”

तीन उन्हाळे मला चाटायलासुद्धा मिळालं नाही. हे मी विसरलेले नाही.

यंदा मामाचे गुडघे गेले. पोरं आशेनं दारात उभी राहिली, मामा खाटेवरून उठेना. शेवटी चरफडत मीच त्यांना डोंगरात नेलं. हात ओरबाडले, साडी फाटली. गारीगार गोठल्यावर पहिली काडी ऐटीत मामापुढे धरली. त्यानं आपले तळवे उलटसुलट पाहिले आणि मान हलवली.

“नाय गो. मी विनातिकीट.”

मी भांडले, ओरडले. तो हसत नुसता माझ्या गारीगारकडे बघत राहिला. मग मला राग आला. त्याचा हात ओढला आणि माझ्या बोटांचा चीक त्याच्या तळव्यावर चांगला घासला.

“घे तिकीट. आता बोल, कोंबडा का कोंबडी?”

“कोंबडा.”

गारीगार चोखून त्यानं करवंद फोडलं. निघाली कोंबडी. पोरं ओरडली, “आजोबा हरला!”

चीक पाण्यानं जात नाही, म्हणून मी तेलाची वाटी आणली. मामानं मूठ मिटून घेतली.

“ऱ्हाऊ दे गो. उतरंपर्यंत तिकीट सांबाळायचं असतं.”