मोजदादीबाहेरची माणसं

डॉ. नलिनी सातपुते गेल्या, हे मला त्यांच्या भाच्याच्या फोनवरून कळलं. मी जयसिंगपूरच्या स्टँडवर कोल्हापूरच्या गाडीची वाट बघत होतो, त्यांनाच भेटायला निघालो होतो. "काका, आता घाई करू नका," एवढंच तो म्हणाला. गाडी आली, मी चढलो, खिडकीशी बसलो. आता कशासाठी चाललोय, हे काही केल्या ध्यानात येत नव्हतं... त्याला दीड महिना होत आला.

मॅडम मनोविकारतज्ज्ञ. कोल्हापुरातला दवाखाना चांगला चालत असताना त्यांनी तो आठवड्यातले चार दिवस बंद ठेवायला सुरुवात केली आणि जिल्ह्यातली गावं पालथी घालायला निघाल्या. म्हणायच्या, "माझ्याकडे येतात ती येऊ शकतात म्हणून येतात. जी येतच नाहीत, ती किती आहेत हे कुणाला ठाऊक आहे?" मी तेव्हा समाजकार्याची पदवी घेऊन घरी बसलो होतो, त्यांनी मला सर्वेक्षणाला घेतलं. वारणानगरच्या कामगार वसाहतीपासून शिरोळच्या मळ्यांपर्यंत आम्ही दारोदार हिंडलो. माझं कांबळे आडनाव ऐकलं की काही घरांत पाण्याचा तांब्या मॅडमपुरताच बाहेर यायचा. त्या तो घेत नसत. "पुढच्या घरी पिऊ," म्हणत आणि कागद काढून प्रश्नांना सुरुवात करत.

चंदगड तालुक्यातल्या एका घरात मात्र आम्ही दोघंही हरलो. घरातला कर्ता माणूस पडवीत बसून उत्तरं देत होता. घरात पाच माणसं. मनाचा आजार कुणाला? "न्हाय की. आमच्यात तसलं कोण न्हाय." मी कागद मिटला. उठता उठता मॅडमचं लक्ष धुऊन पालथ्या घातलेल्या ताटांकडे गेलं. पाच स्टीलची, आणि बाजूला एक पोचे आलेलं, जर्मनचं म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं.

"दादा, हे सहावं कुणाचं?"

तो उठला आणि आम्हाला मागं घेऊन गेला. गोठ्याला लागून एक खोली होती, तिला बाहेरून कडी. आत चाळिशीची बाई भिंतीला टेकून बसलेली, डोक्यावरचे केस कापून टाकलेले. "आमची थोरली अक्का हाय," तो म्हणाला. "आई गेल्यापास्नं अशीच. माझ्या पोरीचं लगीन ठरलंय बाई, कुठं बोलू नगासा." मॅडम उंबऱ्यावर तासभर बसल्या. अक्का एकच वाक्य बोलली, "दार लावू नगा."

त्या अभ्यासाचा नियम असा होता की आधी फक्त नोंद करायची, उपचार पुढच्या टप्प्यात. आमच्याजवळ गोळ्या नव्हत्या. भाऊ हात जोडून लग्नापर्यंत थांबा म्हणत होता, बोलता बोलता रडायला लागला. "लग्न झालं की मी स्वतः येते," मॅडम म्हणाल्या. त्याला कडी घालवेना, तेव्हा ती मॅडमनीच घातली.

तीन आठवड्यांनी, लग्नाची तारीख उलटल्यावर, औषधं घेऊन गेलो, तर खोली उघडी होती, जमीन ताजी सारवलेली. "तापानं गेली," भाऊ म्हणाला. त्याची बायको दाराआड उभी होती, तिनं मान वर केली नाही. अक्काची नोंद आमच्या कागदांत तशीच होती, एक रुग्ण म्हणून. परतीच्या एसटीत आजऱ्याजवळ मॅडम खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "कांबळे, कडी मी घातली होती हो."

त्यानंतर औषधांची पिशवी घेतल्याशिवाय त्या कोणत्याही गावात शिरल्या नाहीत. अशानं संशोधन बिघडतं म्हणून अभ्यासाला पैसा देणारे वरचे लोक चिडले, एक अभ्यास अर्ध्यावर बंद पडला. त्यांनी तो स्वतःच्या हिमतीवर पुरा केला. प्रश्नांच्या यादीत एक प्रश्न वाढवला, "रोज किती ताटं वाढता?" या प्रश्नापाशी माणसं अडखळत, आणि मग मागचं एखादं दार उघडे. कुठं मुलगा, कुठं सून. काही सावरले. बरेचसे सावरले नाहीत, कारण गोळ्या संपल्यावर पुढचा डॉक्टर तालुक्यात नव्हताच. अहवाल सरकारी कचेरीत गेला, पोच मिळाली. बाकी काही झालं नाही.

शेवटची भेट इस्पितळात झाली. यकृताच्या कॅन्सरनं शरीर पार वाळलं होतं. बराच वेळ डोळे मिटून पडल्या होत्या, मग एकदम विचारलं, "त्या पोरीचं लग्न झालं का हो?"

"झालं असेल," मी म्हणालो.

"असेल म्हणजे... आपण विचारलंच नाही."

गेल्या आठवड्यात भाच्याच्या सांगण्यावरून मी त्यांचा दवाखाना आवरायला गेलो. महिनाअखेर जागा सोडायची होती. खुर्च्या बाहेर काढत असताना दारात एक उतारवयाचा शेतकरी येऊन उभा राहिला. "पावणं, बाई कुठायत?"

मी सांगितलं. त्यानं चौकट धरली.

"औषध न्यायचं होतं का? सरकारी दवाखान्यात मिळेल, चिठ्ठी देतो."

"गोळ्या हायत," तो म्हणाला. "बाई मला म्हैन्यातनं एकदा हितं नुस्तं बसू द्यायच्या. बोलायचं न्हाय, काय न्हाय. बसू का?"

मी एक खुर्ची परत आत नेली. तो बसला. मॅडमच्या टेबलाकडे तोंड करून, हात मांडीवर ठेवून, तासभर. मीही कोपऱ्यात स्टुलावर बसून राहिलो. मग तो उठला, चपला घातल्या.

"म्होरल्या म्हैन्यात उघडं असंल नव्हं?"

मी "असेल" म्हणालो. आता जागामालकाला भेटायला हवं.