तुरियाच्या लग्नादिवशीची लाट

माझी भावजय तुरिया पन्नाशीत लग्नाला उभी राहिली. तोवर माझ्या भावाबरोबर, तेमाउरीबरोबर, तिचा संसार होऊन नातवंडंही झाली होती. ताहितीच्या आमच्या टोकाला याचं कुणाला काही वाटत नाही. पण गावात राजधानीतून, पापेएतेहून, नवे पाद्री आले आणि त्यांनी बजावलं, "लग्नाशिवाय प्रभुभोजन नाही."

"भाकरीच्या तुकड्यासाठी लग्न?" तुरिया म्हणाली. "बरं, करते. भूक लागलीच आहे."

शंभर किलोंची बाई. रस्त्यालगत नीरफणस विकायची, चर्चमध्ये खणखणीत गायची आणि दक्षिणेची लाट उठली की तिच्यावर स्वार व्हायला फळी काखोटीला मारून निघायची. गावासमोर प्रवाळाची भिंत जिथं तुटते तिथं लाट दुमजली घराएवढी उभी राहते आणि कंबरभर पाण्यात कोसळते. खाली प्रवाळ, खोबऱ्याच्या किसणीसारखं. परदेशी पोरं तिथं शिरस्त्राणं घालून येतात. तुरिया डोक्याला फडकं बांधून जायची.

लग्नाच्या सकाळी मी तिच्या केसांत फुलं माळत होते, तेवढ्यात लाटांच्या गडगडाटानं खिडक्या थरथरायला लागल्या.

"ऐकलंस?" ती म्हणाली.

"मी आज बहिरी आहे."

"एकच लाट घेते नि येते."

"अगं बये, डुक्कर भट्टीत घातलंय!"

"मग ते कुठं पळून जातंय?"

धक्क्यावर गेलो तर नवरदेव होडीत पेट्रोल ओतत होता. घरी सांगून आला होता, बर्फ आणायला जातो म्हणून. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि गुपचूप निघाले.

थोड्या वेळानं पाद्रीबाबा तणतणत आले. "वधू कुठाय?" मी समुद्राकडे बोट केलं. "मला घेऊन चल!" मी त्यांना माझ्या होडीत बसवलं. लाटेच्या कडेला खोल पाणी असतं, तिथं जाऊन थांबलो. बाबांनी आयुष्यात लाट पाहिली होती ती किनाऱ्यावरून. आता समोर पाणी भिंतीसारखं वर चढलं आणि त्यांचा हात माझ्या खांद्यात रुतला.

तुरिया फळीवर उभी राहिली, उतारावरून खाली घसरली आणि लाट वळते तिथल्या पोकळ नळीत शिरली. बाहेर आली ती नुसती फळी, तीही अर्धी.

पाठची लाट फुटली. मग तिच्या पाठची. तुरिया कुठंच दिसेना. पाद्रीबाबा ताडकन उभे राहिले आणि त्यांच्या तोंडून असा शब्द निघाला, जो आमच्या बायबलात नाही.

तेमाउरीनं होडी सरळ फेसात घातली. तिथं कुणी जात नाही. त्यानं तिला केसांना धरून वर ओढलं, तर पुढ्यात नवी लाट उभी. इंजिन किंचाळलं. होडी लाटेवर उभी चढली आणि धाडकन पलीकडे आपटली. आम्ही जवळ गेलो तेव्हा माझा भाऊ, गावातला सगळ्यात निबर माणूस, हुंदके देत होता.

तुरियानं पोटातला समुद्र ओकून टाकला. "लग्नाआधी केसांना हात लावलेला मला खपत नाही," ती म्हणाली. पण तिचे दात वाजत होते आणि तेमाउरीचा सदरा तिनं सोडला नाही.

कंबरेपासून गुडघ्यापर्यंत सगळी मागची बाजू सोलून निघाली होती. प्रवाळाची जखम चिघळू नये म्हणून मेजवानीच्या माशांसाठी आणलेली लिंबं मी तिथं पिळली. ती किंकाळी डोंगरापलीकडे गेली असेल.

बसायची सोयच नव्हती. तिनं लग्न उभ्यानं लावलं आणि डुक्कर चटईवर पालथी पडून खाल्लं. मधुचंद्राचं विचारलं तर म्हणाली, "तोही पालथाच." पाद्रीबाबांनी मात्र प्रवचन पहिल्यांदाच आखूड केलं. 'मृत्यू वेगळं करेपर्यंत' म्हणताना त्यांचा आवाज चिरकला.

पुढं महिनाभर तेमाउरी तिच्या जखमांवरच्या माश्या हाकत बसला. "आता तिकडं जायचं नाही," तो म्हणाला. "मला विधुर व्हायचं नाही."

"लग्नाआधी मेले असते तर कोण झाला असतास?"

"मोकळा!" तो म्हणाला आणि एक चप्पल चुकवली.

तरी पुढच्या वेळी लाटा उठल्या तेव्हा होडी त्यानंच काढली, मीही चढले. तुरिया नव्या फळीवर बराच वेळ नुसती बसून राहिली. एक मोठी लाट आली, तिनं मान हलवून ती जाऊ दिली. तिला घाबरलेली मी पहिल्यांदाच पाहिली. मग मागून जरा लहान लाट आली आणि तिनं हात मारायला सुरुवात केली.

तेमाउरीनं डोळे मिटून घेतले. "आली का बाहेर?"

"थांब."

"अगं, आली का?"

"आली," मी म्हणाले आणि त्यानं इंजिन सुरू केलं.