दोनच पीस उरलेत

त्या दुकानात जुन्या मोटारींचे सुटे भाग मिळत. ज्या गाड्या बनवणं कंपन्यांनी चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच थांबवलं, अशा गाड्यांचे. काउंटरवर एक बाई बसायची. गिऱ्हाइकानं गाडीचं नाव, साल आणि हवा तो भाग सांगितला की पुस्तक न उघडता ती त्या भागाचा सात आकडी नंबर घडाघडा म्हणायची, म्हणून सगळे तिला नंबरबाई म्हणत. तिच्या सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "हिला स्वतःच्या लग्नाची तारीख आठवत नाही. पण कुठल्या गाडीच्या चाकाला किती बोल्ट, ते झोपेतून उठवून विचारा."

तिचा नवरा त्याच दुकानामागच्या शेडमध्ये मेकॅनिक होता. पोटाचं दुखणं निघालं आणि सहा महिन्यांत तो गेला. मुलगी तेव्हा पाचवीत. मालकांनी बाईला काउंटरवर घेतलं. या उपकाराची जाणीव तिला होती, आणि मालकांना तिच्याहून जास्त होती.

हे भाग परदेशातल्या कुठल्या तरी बंद गोदामातून येतात असं गिऱ्हाइकांना वाटे. खरं म्हणजे ते मागच्या तिसऱ्या गल्लीतून येत. तिथं पत्र्याच्या खोलीत एक खरादी लेथवर लोखंड कातायचा. मोडका नमुना हातात दिला की तो हुबेहूब तसा नवा काढायचा. हात सोन्याचा, पण बोलणं शून्य. त्याला एका व्हील सिलिंडरचे, म्हणजे चाकाचा ब्रेक दाबणाऱ्या नळकांड्याचे, एकशे दहा मिळत. मग मालक पुठ्ठ्याचे डबे छापून घेत, चहाच्या पाण्याचा बोळा फिरवून उन्हात टाकत आणि डबा चाळीस वर्षांचा दिसू लागला की त्यात सिलिंडर घालत. डब्यावर चिठ्ठी लागे, तेराशे.

"यात खोटं काय आहे?" मालक म्हणत. "भाग बसतो ना गाडीला? चालतो ना? आणि ज्याला हत्ती पाळायचाय, त्यानं चाऱ्याच्या नावानं रडू नये."

पहिल्याच आठवड्यात त्यांनी तिला शिकवून ठेवलं होतं. आधी माणूस बघायचा, भाव नंतर बोलायचा. गाडी रस्त्यात बंद पडली असेल तर आणखी चढा बोलायचा. फारच घासाघीस झाली तर दहा टक्के सोडायचे, तेही मन मोठं केल्यासारखे. आणि काहीही मागितलं तरी म्हणायचं, दोनच पीस उरलेत. सुरुवातीला हे वाक्य बोलताना तिची नजर खाली जायची. वर्षभरात जाईनाशी झाली. गिऱ्हाइकं तरी कोण? डॉक्टर, बांधकामवाले, सुट्टीच्या दिवशी गाडीला पॉलिश मारणारे हौशी लोक. त्यांच्या खिशाला तेराशेनं काही भोक पडत नव्हतं.

एका सकाळी ड्रायव्हरकाका आले. चौतीस वर्षं बस चालवून नुकतेच निवृत्त झालेले. इस्त्रीचा शर्ट, पण नखांच्या कडांना काळं वंगण. बरोबर काकू होत्या. भिंतीवर टांगलेल्या चाकाच्या चकचकीत टोप्यांमध्ये त्या आपला चेहरा बघत उभ्या राहिल्या.

काकांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेला गंजका सिलिंडर काउंटरवर ठेवला. निवृत्तीच्या पैशातून त्यांनी एक जुनी गाडी घेतली होती. लहानपणी ज्या बंगल्यात ते गाडी धुवायला जात, तिथं अगदी तसलीच होती.

"मीच म्हटलं घ्या," काकू म्हणाल्या. "चौतीस वर्षं गावाला फिरवलंत, आता मला फिरवा."

"पुढच्या दोन्ही चाकांचे सिलिंडर गळतायत," काका म्हणाले. "या गाडीत चारही चाकांना ब्रेकचं तेल एकाच नळीतून जातं. कुठंही एका ठिकाणी सुटलं की सगळेच ब्रेक गेले. म्हणून म्हटलं, दोन्ही बदलून टाकू."

नंबरबाईनं नंबर सांगितला, मग भाव. काकांना वाटलं दोन्हींचा मिळून.

"एकाचा," ती म्हणाली. "आणि दोनच पीस उरलेत."

"अगंबाई," काकू हसल्या. "तेवढ्यात माझे पुढचे दात बसले असते."

काका हसले नाहीत. ते मनातल्या मनात काही तरी जुळवत होते. नंबरबाईनं त्यांच्याकडे बघितलं आणि आपण होऊन दहा टक्के सोडले. काकांचा चेहरा खुलला.

"आज एकच द्या. दुसऱ्यातलं रबर आतून घासून तात्पुरतं बसवतो. पुढच्या महिन्याची पेन्शन झाली की दुसरा नेतो. तेवढा माझ्यासाठी बाजूला ठेवाल ना?"

"ठेवते, काका."

"पोरगी चांगली आहे हो," जाताना काकू म्हणाल्या. नंबरबाईला ते ऐकू गेलं आणि बरंही वाटलं. माळ्यावर तसले सेहेचाळीस सिलिंडर पडून होते.

त्या दिवशी तिला झोप लागली नाही वगैरे काही झालं नाही. तिनं घरी जाऊन स्वयंपाक केला, मुलीशी वह्यांवरून भांडली आणि काकांना विसरून गेली.

बावीस दिवसांनी काका पुन्हा आले. उजवा हात प्लास्टरमध्ये, शर्टाची एक बाही कापलेली. एकटेच होते.

"तो ठेवलेला पीस द्या," ते म्हणाले.

"देते. हाताला काय झालं? काकू नाही आल्या?"

"ती गेली."

नंबरबाईला आधी कळलंच नाही. काकांनी सांगितलं, आणि सांगताना आवाज अजिबात चढवला नाही. काकूंच्या बहिणीकडे निघाले होते. पाण्याच्या टाकीजवळचा उतार. निम्म्यात आल्यावर पाय पेडलवर ठेवला आणि पेडल जमिनीला टेकलं. घासून बसवलेलं रबर सुटलं होतं. हातब्रेक ओढला, गाडी थांबेना. खाली बसथांब्यावर शाळा सुटल्याची गर्दी. त्यांनी गाडी डावीकडे भिंतीवर घातली. डावीकडे काकू बसल्या होत्या.

"पोलिसांनी गाडी आता सोडलीय. ब्रेक नीट करून ठेवतो. मोडक्या ब्रेकची गाडी दारात नको." त्यांनी कापलेली बाही सारखी केली. "चौतीस वर्षांत माझ्या बसखाली कुत्रं आलं नाही. मला कळत नव्हतं का, दोन्ही एकदम बदलायचे असतात? नव्या शिकाऊ पोरालाही कळतं. घरच्या माणसाच्या वेळी मी तेराशेचा चिकूपणा केला."

नंबरबाईनं खणातून डबा काढून समोर ठेवला होता. काका डाव्या हातानं खिशातलं पाकीट काढायला धडपडत होते. ते तिला बघवेना.

"काका, थांबा," ती म्हणाली. "हा सिलिंडर मागच्या गल्लीत एकशे दहाला बनतो. तिथला खरादी बनवतो. डब्यात आम्ही घालतो. वर सेहेचाळीस पडलेत."

काका पाकीट हातात धरून तसेच उभे राहिले.

"त्या दिवशीही होते?"

"होते."

"त्या दिवशीही एकशे दहालाच?"

"हो."

रस्त्यावरून एक ट्रक गेला आणि भिंतीवरच्या टोप्या खणखणल्या. काकांनी पाकीट परत खिशात कोंबलं.

"हे मला आता का सांगितलंत, बाई? इतके दिवस मी तिची माफी मागत होतो. चूक माझी होती, तेवढं तरी माझ्याजवळ होतं. आता मी करू काय?"

तिनं डबा त्यांच्यापुढं सरकवला. डबा काउंटरवरच ठेवून काका निघून गेले.

मालकांनी आतल्या खोलीतून सगळं ऐकलं होतं. ते ओरडले नाहीत. स्वतः स्टूल ओढून तिच्यासमोर बसले.

"तुला काय वाटतं, मी त्याच्या बायकोला मारलं?"

"मी बोलले भाव. तुम्ही नाही."

"तू तीनशे बोलली असतीस ना, तर त्यानं उलटंपालटं करून बघितलं असतं आणि नकली म्हणून परत ठेवलं असतं. तेराशे मोजताना माणसाला खात्री विकत घेतल्यासारखं वाटतं. मी तीच विकतो."

"त्यांनी खात्री एकाच चाकाची घेतली," ती म्हणाली.

मालकांनी तिला कामावरून काढलं नाही. काउंटरवरून उठवून माळ्यावर बसवलं, डबे भरायला आणि चिठ्ठ्या चिकटवायला. पगार तोच. ती गेली. मुलगी अकरावीला होती, तिच्या क्लासची फी भरायची होती. नाक दाबून बसावं लागतं तेव्हा माणूस तोंडानं श्वास घेतोच. माळ्यावर तिला उभं राहता येत नसे. गुडघ्यांवर सरकत ती दिवसभर चिठ्ठ्या लावायची आणि खाली काउंटरवर नवा माणूस म्हणायचा, दोनच पीस उरलेत.

दोन महिन्यांनी एक गाडी ट्रकवर घालून मागच्या शेडमध्ये आली. डावी बाजू आत गेलेली. काकांनी ती भंगारात काढली होती, आणि भंगारवाल्याकडून मालकांनी घेतली होती. मोडकी गाडी म्हणजे मालकांना पर्वणी. दारांची हँडलं, आरसे, घड्याळ, सगळं वेगळं काढून विकलं की पूर्ण गाडीच्या किमतीच्या पाचपट येतं. चार दिवस मेकॅनिक ती खोलत होते. टोपल्या भरभरून माळ्यावर येत होत्या आणि नंबरबाई नंबर टाकत होती. तिनं तेही केलं. पाचव्या दिवशी टोपलीत एक व्हील सिलिंडर आला. वर धूळ होती, पण आतून कोरा.

मालक शिडीवर अर्धे वर आले होते. "तो नवाच आहे, आपलाच. पुसून डब्यात घाल."

"हा नको, मालक. हा मीच दहा टक्के सोडून त्या काकांना विकलेला आहे."

"मग काय झालं? लोखंडाला काय कळतंय?"

"लोखंडाला नाही कळत."

तिनं सिलिंडर टोपलीत ठेवला, जेवणाच्या डब्याची पिशवी उचलली आणि शिडी उतरायला लागली. मालकांना बाजूला व्हावं लागलं. त्या महिन्याचे एकवीस दिवस भरले होते, त्याचा पगार तिला कधीच मिळाला नाही.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सोडलीस ते बरं केलंस. पण पहिल्या तारखेला सोडली असतीस तर आणखी बरं केलं असतंस." मग त्या भाजी निवडायला बसल्या, आणि त्या दिवसापासून त्यांनी आपलं दुपारचं दूध बंद केलं. कुणाला सांगितलं नाही.

नंबरबाईला एका इस्पितळाच्या चादरींच्या कोठारात काम मिळालं. पगार निम्म्याच्या जरा वर. मुलीचा क्लास सुटला. मुलीनं क्लासची पुस्तकं मैत्रिणीला देऊन टाकली, आणि ते आईला जास्त लागलं.

मध्ये एकदा ती खरादीकडे गेली होती. म्हणाली, "मला सगळे नंबर पाठ आहेत, गिऱ्हाइकं ओळखीची आहेत. तुम्ही बनवा, मी थेट विकते. दीडशेला."

खरादीनं लेथ बंद केला, हात पुसले. "तुमचं पटतंय. पण मला बारा महिने काम देणारा तो एकच आहे. त्याला कळलं की उद्यापासून माझ्या लेथचा पट्टा थांबला. आणि गेल्या वर्षी एक जण आलाही होता थेट. भाव सांगितला तर म्हणाला, एवढा स्वस्त? आणि गेला तिकडेच." त्यानं पुन्हा लेथ चालू केला. त्या आवाजात पुढं बोलता येण्यासारखं नव्हतं.

काकांचं घर शोधायला तिला बरेच दिवस धीर झाला नाही. शेवटी एका रविवारी गेली. दुसरा मजला, दोन खोल्या. काकांनी दार उघडलं, तिला ओळखलं, बसा म्हणाले आणि पाणी आणून दिलं. प्लास्टर निघालं होतं, पण पेला धरताना मनगट वळत नव्हतं. कोपऱ्यात बायकांच्या चपलांचा एक जोड नीट लावून ठेवला होता.

"मी चुकले, काका," ती म्हणाली.

"मी पोलिसांत तक्रार करायला गेलो होतो," ते म्हणाले. "त्यांनी विचारलं, भाग खराब निघाला का? म्हटलं, नाही, तोच तर चांगला निघाला. मग म्हणाले, महाग विकणं हा काही गुन्हा नाही. गळका ब्रेक घेऊन गाडी काढणं हा आहे. माझ्यावरची केस चालू आहे."

"मी येते साक्षीला. सगळं सांगते."

"काय सांगाल? मी पेन्शनीचे महिने मोजले, हे कसं पुसाल?"

तिनं पेल्यातलं पाणी संपवलं. मग काका उठले आणि तिचा रिकामा पेला त्यांनी घेतला.

"राग नाही माझा तुमच्यावर. तुम्ही तरी सांगितलंत. पण पुन्हा येऊ नका. तुम्ही आलात की ते दुकान घरात येतं."

तरीही केसच्या तारखेला ती कोर्टात गेली. कामावर खाडा पडला. सकाळपासून बाकावर बसून होती, पण तिला कुणी आत बोलावलं नाही. काकांनी चूक कबूल केली, दंड भरला आणि परवाना स्वतःहून जमा केला. बाहेर येताना त्यांनी तिला बघितलं, मान हलवली आणि पायऱ्या उतरले.

त्यानंतर एकदाच ते दिसले. ती कामावरून बसनं घरी चालली होती. काका रस्त्याच्या कडेनं चालत होते, दोन्ही हातांत सामानाच्या पिशव्या, त्यांतली उजवी अंगाशी धरलेली. त्यांचं घर तिथून चांगलं तासाभराच्या वाटेवर होतं आणि ती बस त्यांच्याच दारावरून जायची. थांबा आला. ड्रायव्हरनं त्यांना ओळखलं असावं, कारण त्यानं दार जरा जास्तच वेळ उघडं ठेवलं. काकांनी पिशवी धरलेला हात थोडा उचलून त्याला पुढं जायला सांगितलं. नंबरबाई जागेवरून उठली होती, ती परत बसली. मागच्या माणसानं विचारलं, "उतरायचंय का?" ती नाही म्हणाली.